प्याला पुढे सरकवतो आहे, सात महिने झाले

माडाखाली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आम्ही दापोली तालुक्यातले, किनाऱ्यालगतच्या गावातले ख्रिस्ती. आमच्या चर्चची मंडळी लहान, रविवारी उपासनेला तीस-पस्तीस डोकी. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. भाकरीचं ताट आणि छोट्या प्याल्यांचं तबक बाकाबाकावरून फिरतं. गेले सात महिने मी काही घेत नाही. तबक आलं की ते धरतो, प्याले किणकिणतात, आणि शेजारच्याच्या हातात देतो. शेजारचा म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ. आमच्या घराचा बाक आजोबांपासून एकच. बोलणं बंद आहे, पण बाक सोडायला दोघंही तयार नाही.

कारण कोकणात सांगायची गरज नाही, तरी सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यात हद्दीवरचे चार माड आडवे झाले. आजोबांनी खूण म्हणून लावलेले. पडताना गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, घेऊन पडले. मी लॉकडाऊनमुळे ठाण्यात अडकलेला. भावाने गडगा परत रचला. मी येऊन बघतो तर दीड हात आमच्याकडे सरकलेला. तो म्हणतो, होता तिथेच आहे. दोन-तीन वर्षं धुसफूस चालली. सात महिन्यांपूर्वी वकिलाची नोटीस आली (कोणी कोणाला पाठवली ते विचारू नका), तेव्हापासून मी थांबलो.

पाळकसाहेब दर वेळी म्हणतात, "प्रत्येकाने आपली परीक्षा करावी," आणि एक मिनिट शांतता. त्या मिनिटात मी गडग्याचे चिरे मोजत असतो. खरं सांगतो. भाऊ मात्र डोळे मिटून घेतो, खातो, पितो. आई म्हणते, "तू घेत नाहीस, म्हणून लोकांना वाटतं चोर तूच."

तर विचारायचं एवढंच, भांडण चालू असताना न घेणं बरोबर की चूक? आणि त्या एका मिनिटात तपासायचं तरी काय?

सुरमई_फ्राय
भाऊबंदकीत आता देवालाही पक्षकार केलंत. कोकण ते कोकणच.

निवृत्त_मास्तर
माडाखाली, तुमची तळमळ कळते, पण वाचन अर्धवट आहे. बायबलातलं करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय काढा. ते लिहिणारा प्रेषित पौल "अयोग्य माणसाने घेऊ नये" असं म्हणत नाही. अयोग्य रीतीने घेऊ नये, असं म्हणतो. शब्द रीतीला लागतो, माणसाला नाही. लायक माणसांनीच यायचं ठरलं तर पाळकांसकट देऊळ रिकामं होईल.

दुसरं, अठ्ठाविसाव्या वचनात परीक्षा करा आणि मग खा, असा क्रम आहे. परीक्षा करा आणि ताट पुढे सरकवा असं कुठेही नाही. सात महिने उपाशी राहून तुम्ही अर्धीच आज्ञा पाळताय.

वसईचा_कुपारी
आमच्याकडे, म्हणजे कॅथलिकांत, गोष्ट सरळ आहे. गंभीर पाप असेल तर आधी प्रायश्चित्त संस्कार, मग ख्रिस्तप्रसाद. मनाला वाटलं म्हणून घेतलं, नाही वाटलं म्हणून नाही, असं चालत नाही. आणि आधी तासभर उपास. आता तासभरच, १९६४ पासून. माझ्या आजीच्या तरुणपणी मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही चालत नसे. पहाटेच्या मिस्साला (आमची उपासना) अंधारात चालत जायची, आणि चूळ भरतानासुद्धा घशाखाली काही गेलं नाही ना, याची धास्ती.

पण एक किस्सा सांगतो, तुमच्या कामाचा आहे. आमच्या वाडीत दोघांचं विहिरीवरून वाजलं होतं. एकाने दुसऱ्याचा पंप काढून घरात ठेवला. मग हे महाशय ईस्टरच्या आधी पापनिवेदनाला गेले. सगळं सांगितलं, राग आला, शिवी दिली वगैरे. फादर म्हणाले, "आणि पंप?" हे गप्प. त्यांना वाटलेलं चार 'नमो मारिया' प्रार्थना म्हटल्या की सुटलो. फादरांनी सांगितलं, आधी पंप परत कर, मग ये. तो पंप डोक्यावर घेऊन भर दुपारी वाडीतून चालत गेला. हे त्यानेच नंतर सगळ्यांना हसत सांगितलं, म्हणून मी लिहितोय.

चिरेबंदी
देवाला मध्ये आणू नका. भूमी अभिलेखला 'हद्द कायम'च्या मोजणीचा अर्ज करा, द्रुतगती मोजणीची फी भरा. दीड हात कोणाचा ते नकाशा सांगेल.

माडाखाली
@चिरेबंदी, अर्ज केलाय. तारीख पडली नाही अजून.
@मास्तर, अर्धी आज्ञा हे लागलं. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो ना, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी तेच करतोय असं मला वाटत होतं.

निवृत्त_मास्तर
अर्पण तुम्ही ठेवलंत. गेलात कुठे?

सुरमई_फ्राय
मास्तर निवृत्त झाले, छडी नाही झाली.

अभ्यासू_बोका
थोडं लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

पौलाने हे कोणाला आणि का लिहिलं ते आधी बघू. करिंथ म्हणजे दोन बंदरांच्या मधलं शहर. एका अंगाला लेखायम, दुसऱ्या अंगाला किंख्रिया. मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून माल, कधी कधी हलक्या होड्यासुद्धा, फरसबंद वाटेने ओढून पलीकडच्या समुद्रात नेत. म्हणजे हमाल, खलाशी, गुलाम, व्यापारी, दलाल, सगळे एकाच गावात. आणि यातलेच लोक मंडळीत. तेव्हा चर्चची इमारत नव्हती. ज्याचं घर मोठं त्याच्याकडे जमायचं, आणि प्रभूचं भोजन म्हणजे खरंच जेवण होतं. आजच्यासारखा पावाचा चौकोनी तुकडा नव्हे.

आता आपलं जुनं चौसोपी घर डोळ्यांपुढे आणा. त्यांच्याकडेही जेवायची खोली लहान, लोडाला टेकून जेमतेम नऊ-दहा जण मावतील अशी. बाकीचे बाहेरच्या चौकात. म्हणजे माजघरात कोण आणि पडवीत कोण, हा प्रश्न आपोआप आला. रिकामटेकडे श्रीमंत लवकर यायचे, आपापलं आणलेलं खायचे, प्यायचे. धक्क्यावरून, मालकाच्या घरून सुटून गरीब येईपर्यंत भांडी पालथी. पौल अक्षरशः म्हणतो की एक जण उपाशी राहतो आणि दुसरा झिंगतो. याला तुम्ही प्रभूचं भोजन म्हणता?

याच रागाच्या ओघात ते "परीक्षा करा" येतं. त्याआधी पडवीतल्या माणसाचा विषय आहे. आणि सगळं सांगून झाल्यावर त्याची सूचना काय? एकमेकांची वाट पाहा. बस. डोळे मिटून स्वतःच्या मनात खोल बुडी मारा, असं तो म्हणत नाही. बाजूला बघा, कोण यायचंय, म्हणतो.

म्हणून "शरीर न ओळखता" जो खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, यातलं शरीर म्हणजे नुसती भाकर नव्हे. एकच अध्याय मागे जा. भाकर एक, म्हणून आपण पुष्कळ असून एक शरीर, असं तोच म्हणालाय. ते शरीर तुमच्या बाकावर बसलेलं आहे, माडाखाली. आणि तबक तुम्ही त्याच्याच हातात देताय.

निवृत्त_मास्तर
बोक्याचा इतिहास चोख, निष्कर्ष अर्धा. सत्ताविसावं वचन वाचा, प्रभूच्या शरीराविषयी आणि रक्ताविषयी दोषी ठरेल, असं आहे. प्रभूच्या. ते सोडून सगळं पंगतीच्या समाजशास्त्रावर आणलं तर उद्या प्रभुभोजन म्हणजे ग्रामस्वच्छता अभियान होईल. माणूस आधी देवापुढे उभा असतो, शेजाऱ्यापुढे नंतर.

अभ्यासू_बोका
आधी-नंतर कशाला? योहानाच्या पहिल्या पत्रात विचारलंय, दिसणाऱ्या भावावर प्रीती नाही तर न दिसणाऱ्या देवावर कशी असेल?

खाडीपल्याड
बोक्याने धक्क्याचं लिहिलं म्हणून मी लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते.

आमची मंडळी रत्नागिरी जिल्ह्यातलीच. उपासना नऊला. पूर्वी प्रभुभोजन सुरुवातीलाच उरकून घ्यायचे, कारण पाळकांना पुढे दुसऱ्या गावी जायचं असायचं. आमच्यातल्या तीन बायका सकाळी बंदरावर मासळीच्या लिलावाला बसतात. त्या यायच्या दहाला, साडीचा काठ ओला, हाताला बर्फाने आलेला पांढरेपणा. मागच्या बाकावर बसायच्या. तोवर ताटावर पांढरा कपडा घातलेला असायचा. वर्षानुवर्षं हे असंच. कोणी मुद्दाम केलं नव्हतं हो. कोणाच्या लक्षातच नव्हतं.

एकदा मी ताटं धुवायला घेतली, तर त्यातली एक मागे आली आणि म्हणाली, "उरलंय का?" मी म्हटलं, उरलंय, पण आता प्रार्थना झाली. ती म्हणाली, "बरं," आणि गेली. त्या "बरं"ने मला रात्रभर झोप लागली नाही.

पुढच्या सभेत मी विषय काढला की प्रभुभोजन शेवटी ठेवू. दोघांनी वेळेचं कारण सांगितलं. तिसऱ्याने मात्र मनातलं बोलून टाकलं, एकच मोठा प्याला असतो तेव्हा मासळीचा वास येतो, त्या आधी नसतात तेच बरं. आमच्याकडे सणाला एकच प्याला वापरतात. हे बोलणारा माणूस वाईट नाही, माझ्या मुलाच्या आजारपणात रात्री गाडी काढून आलेला तोच. म्हणून जास्त लागलं. त्या दिवसापासून ते परीक्षेचं मिनिट आलं की मी माझी पापं नंतर आठवते. आधी डोळे उघडून मागचा बाक बघते.

आता शेवटी असतं. दहा-वीसला. त्या असतात.

सुरमई_फ्राय
पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान. पहिले चारही शिष्य कोळी. शेवटच्या भोजनाला त्या खोलीत वास कसला येत असेल, अत्तराचा?

वेंगुर्ल्याची
@खाडीपल्याड, दंडवत.

गावकर_मुंबईकर
मी हिंदू, श्रीवर्धनकडचा. एक शंका. मंडळी एखाद्याला प्याल्यापासून दूर ठेवू शकते का? रायगडात वाळीत टाकण्याची प्रकरणं काय काय झाली ते आम्ही बघितलंय. पाणवठा बंद, लग्नाला बोलावणं नाही, दुकानात सामान नाही. २०१६ मध्ये विधिमंडळाला कायदा करावा लागला. तसलाच प्रकार असेल तर अवघड आहे.
आमच्याकडे काल्याला उलट असतं. दहीहंडीचा काला कोणाच्या हातचा, कोणाच्या डब्यातला, विचारायचं नाही. एकत्र कालवलं की झालं.

माडाखाली
@गावकर, मला कोणी अडवलेलं नाही. मीच थांबलोय. पण तुमचं वाचून उलटा विचार आला, की न घेऊन मी भावाला तर वाळीत टाकत नाही ना?

अभ्यासू_बोका
गावकरांचा प्रश्न जुना आहे. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) मंडळ्यांत प्रभुभोजनाआधी वडीलजन घरोघर चौकशी करत. ज्याचं वागणं ठीक, ज्याचं कोणाशी उघड वैर नाही, त्याला शिशाचं छोटं टोकन मिळे. रविवारी टोकन दाखवलं तर मेजापाशी जागा. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत चाललं हे. आणि १८२३ मध्ये बाणकोटला जे पहिले मिशनरी उतरले ते स्कॉटिशच. इथे टोकनं वाटली असं मी म्हणत नाही, पण "आधी चौकशी, मग मेज" ही सवय कुठून आली असेल याचा अंदाज येतो.

सुरमई_फ्राय
म्हणजे रेशनकार्ड. आधार लिंक केलंय का विचारा.

चिरेबंदी
प्याल्यात असतं काय? वाईन चालते?

खाडीपल्याड
आमच्याकडे काळ्या मनुका. आदल्या रात्री भिजत घालायच्या, सकाळी त्याच पाण्यात उकळून कुस्करायच्या आणि मलमलीतून गाळायच्या. साखर घालायची नाही. माझ्या सासूबाईंनी एकदा घातली होती, सगळी पोरं रांगेत परत.

सुरमई_फ्राय
कोकमाचं आगळ का नाही वापरत? रंग तोच, शिवाय स्थानिक उत्पादनाला प्रोत्साहन.

संपादक
विषयांतर आवरा. पाककृतीसाठी वेगळा विभाग आहे.

वेंगुर्ल्याची
मी अर्धी इकडची, अर्धी तिकडची. माहेर प्रोटेस्टंट, सासर कॅथलिक. धाग्यात एकीचा विषय अजून नीट आलाच नाही म्हणून लिहिते.

माहेरची मंडळी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची, नंतर उत्तर भारताच्या चर्चमध्ये गेली. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळी चर्चेस एक झाली. त्यात बिशप मानणारे होते, न मानणारे होते. बाळांना बाप्तिस्मा देणारे होते, मोठेपणीच द्यायचा म्हणणारेही होते. सगळ्यांनी एकमेकांचं चालवून घेतलं आणि एका मेजाशी बसले. माझे वडील हे फार अभिमानाने सांगायचे. आणि त्याच वडिलांनी सख्ख्या बहिणीशी अकरा वर्षं अबोला धरला होता. कशावरून, तर एका पितळी घंगाळावरून. सहा चर्चेस जुळली, घंगाळ नाही जुळलं.

सासरी सावंतवाडीकडे नणंदेच्या लग्नाला गेले. मिस्सा सुरू. प्रसादाची वेळ झाली तशी रांग लागली आणि आमच्या बाकावरची सगळी उठली. मी कॅथलिक नाही, त्यामुळे मला मिळत नाही, नियम माहीत आहे, तक्रार नाही. पण लोकांना जायला वाट द्यायला मी गुडघे एका बाजूला वळवून बसले, आणि एकेक जण माझ्या गुडघ्यांना साडी-विजार घासत पुढे गेला. परत येतानाही तेच. नवरासुद्धा गेला. परत येऊन शेजारी बसला तेव्हा त्याच्या तोंडात प्रसाद होता आणि माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं. ते दुखणं मला अजून कोणाला समजावता आलेलं नाही.

म्हणून माडाखाली, रागावू नका, पण तुमच्यापुढे तबक येतं. भाऊ शेजारी आहे. दार उघडं असून तुम्ही उंबऱ्यावर बसलाय. माझी सासू म्हणते, "भांडाण केलास तर आदी मिटवा, मगे इगर्जीत (चर्चमध्ये) जावा." मी म्हणते, मिटेपर्यंत थांबलात तर काही जण मरेपर्यंत बाहेरच राहतील.

वसईचा_कुपारी
वहिनी, नियमाच्या बाजूने एक शब्द. आमच्याकडे एकत्र प्रसाद घेणं म्हणजे एकी झाली याची खूण. एकी व्हायच्या आधी खूण केली तर ती खोटी ठरते, असं चर्च मानतं. निष्ठुरपणा नाही तो.
पण गुडघ्यांचं वाचून मला काही सुचलं नाही, हे कबूल. आणि आम्ही तरी कुठे एक? एकाच धर्मप्रांतातले सगळे, प्रसाद एकच, आणि पोरीसाठी स्थळ बघताना कुपारी की वाडवळ ते आधी विचारतात.

निवृत्त_मास्तर
ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची आठवण झाली. आपल्याच कोकणातल्या करजगावात जन्मलेले. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी 'देवाचा दरबार' नावाचा भक्तांचा मेळा काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त चालतील असं म्हटलं. मिशनची चौकट सोडली होती त्यांनी. तेव्हा अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. खरं सांगायचं तर मलाही ते पूर्ण पटत नाही. पण खाडीपल्याडबाईंचा "उरलंय का?" वाचल्यापासून मी माझ्या वरच्या एका वाक्याशी अडलोय. आधी देवापुढे आणि नंतर शेजाऱ्यापुढे, असं मी म्हणालो. "नंतर" काढून टाका.

सुरमई_फ्राय
मास्तरांनी स्वतःच्या पेपरात लाल शाई वापरली. धाग्याला कुलूप लावा आता.

चिरेबंदी
मोजणीचं काय झालं?

*(तीन आठवड्यांनंतर)*

माडाखाली
धागा वर काढतोय. मोजणीची तारीख पडली, पुढच्या महिन्यात आहे. नोटीस मागे घेतलेली नाही. बोलणं सुरू झालं असंही म्हणता येणार नाही. जे झालं तेवढंच लिहितो.

मास्तरांचं "गेलात कुठे?" डोक्यातून जाईना. पण जाऊन बोलायचं काय? मग पडवीच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. भावाच्या दोन माडांची मान आमच्याकडे झुकलेली आहे, नारळ आमच्या अंगणात पडतात. पूर्वी आम्ही गडग्यावरून पलीकडे टाकायचो. बोलणं बंद झाल्यापासून आई ते कोपऱ्यात रचत होती. खायचे नाहीत, द्यायचेही नाहीत. "त्याचे आहेत," एवढंच म्हणायची. वसईकरांचा पंप आठवला.

शनिवारी संध्याकाळी पोत्यात भरले आणि नेऊन त्याच्या पायरीवर ठेवले. तो जाळं विणत बसला होता. पोत्याकडे बघून म्हणाला, "मोजलेस?" मी म्हटलं, "आईने मोजलेत. त्रेचाळीस." तो "हं" म्हणाला. मी परत आलो. सकाळी रिकामं पोतं घडी घालून गडग्यावर ठेवलेलं होतं, वर दगड.

रविवार पहिला होता. भाऊ आला नव्हता, बाकावर मी एकटा. ताटावरचा कपडा काढायला पाळक उठले. मी आयुष्यात देवळात मध्येच बोललो नाही, पण उभा राहिलो आणि म्हणालो, "जरा थांबता का? तो यायचाय." येणार की नाही ते मला माहीत नव्हतं. पाळकांनी काही विचारलं नाही, आणखी एक गीत घेतलं. चार कडव्यांचं. तिसऱ्याला तो आला, चपला काढताना हाताला ग्रीस. इंजिन बिघडलं होतं म्हणे. हे तो मला नाही म्हणाला, पलीकडच्या काकांना म्हणाला.

शांततेच्या मिनिटात या वेळीही चिरे मोजले. खोटं कशाला बोलू? पण तबक आलं तेव्हा मी एक उचलला आणि मग त्याच्याकडे दिलं.

खाडीपल्याड
बरं.

(हे वेगळं "बरं" आहे.)

चिरेबंदी
मोजणीच्या दिवशी जुना नकाशा आणि लगतच्या खातेदारांच्या सह्या विसरू नका.

सुरमई_फ्राय
सगळं ठीक, पण इतके दिवस पडून राहिलेल्या त्रेचाळीस नारळांचं त्याने केलं काय?

माडाखाली
बऱ्याच जणांना कोंब आले होते. त्यातले चार त्याने परवा लावले. हद्दीवर. म्हणजे त्याच्या मते हद्दीवर.